निंदणीच्या ओळीतली मीटिंग

मीटिंग सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि माझ्या टॅबवर ‘बोललेल्या महिला’ या चौकटीत अजून शून्यच होतं.

पाळणाघराच्या ओट्यावर पाड्यातले पुरुष बसले होते. बाया खाली अंगणात, आमच्याकडे अर्धी पाठ करून. रस्त्याबद्दल बोलून झालं होतं, हँडपंपाबद्दल बोलून झालं होतं. दिलवरदादांनी, म्हणजे आमच्या संस्थेच्या फील्ड ऑर्गनायझरनी, पावरी भाषेत पुन्हा विचारलं की पाळणाघराविषयी बायांना काही सांगायचं आहे का. एकीने पदराचं टोक दातात धरलं. दुसरीने मांडीवर झोपलेल्या बाळाला उगाच थोपटलं. बाकी काही नाही.

“शून्य लिहा मॅडम,” दिलवरदादा माझ्या कानाशी येऊन म्हणाले. “मी पण पावराच आहे, मला माहीत आहे. आमच्या बाया घरात वाघ आणि मीटिंगमध्ये शेळी.”

मी शून्यच ठेवलं आणि मीटिंग संपली.

माझं काम मॉनिटरिंगचं आहे. संस्था जे कार्यक्रम चालवते ते ठरल्याप्रमाणे चालतात का, लोकांना त्यांचा उपयोग होतो का, हे मोजायचं आणि पैसे देणाऱ्या डोनरला कळवायचं. धडगाव तालुक्यात सातपुड्याच्या उतारांवर आमची पाळणाघरं आहेत. इथली घरं एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचं शेत, त्या शेतात त्याचं घर. आई कामाला गेली की तान्ह्या मुलाला सांभाळायला घरात उरते ती मोठी बहीण, आणि बहीण घरी राहिली की तिची शाळा सुटते. पाळणाघर त्यासाठी. लहान मुलं सुरक्षित राहतात, त्यांना गरम जेवण मिळतं, आणि त्यांच्या बहिणी शाळेत बसतात.

पण डोनरला एवढं पुरत नव्हतं. लोकांचा सहभाग आहे का, हेही त्यांना हवं होतं, आणि अपेक्षा चुकीची नव्हती. लोकांनी आपलं मानलेला कार्यक्रमच पुढे टिकतो. सहभाग मोजायला त्यांनी एक टूल दिलं होतं. त्यामागचा सिद्धांत सोपा आहे. सहभागाची एक शिडी कल्पायची. खालच्या पायरीवर लोकांना फक्त सांगितलं जातं. मधल्या पायरीवर त्यांचं मत विचारलं जातं. वरच्या पायरीवर ते स्वतः ठरवतात. कोण कुठल्या पायरीवर आहे हे ओळखण्यासाठी टूल मीटिंगकडे बघायचं. किती बाया आल्या, किती बोलल्या, कोणी ठराव मांडला. बोलणं म्हणजे ताकद, गप्प बसणं म्हणजे ताकद नसणं.

या पाड्याला लागोपाठ सी ग्रेड मिळत होता. आमच्या धडगावच्या ऑफिसात पाटील सरांनी, म्हणजे आमच्या प्रोग्रॅम मॅनेजरनी, लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“हे फेज-आउटमध्ये गेलं,” ते म्हणाले. फेज-आउट म्हणजे बंद करणं, पण हळूहळू, म्हणून शब्द बरा वाटतो. “दिवाळीनंतर पाळणाघर बंद. तू एक क्लोजर व्हिजिट कर, नोट लिहून दे. डोनरच्या मॅडम येणार आहेत रिव्ह्यूला, त्याआधी हवी.”

“मुलं येतात ना सर तिथे. भरपूर येतात.”

“मुलं येतात. आया बोलत नाहीत.” मग त्यांनी माझ्याकडे पाहून हसत म्हटलं, “आणि तू कुठे बोलतेस म्हणा. तुलाही सीच द्यावा लागेल.”

पाटील सर तापीकाठचे. आमचं गावही शहादा तालुक्यातल्या प्रकाशा गावाजवळ, केळीच्या पट्ट्यातलं. सर माझ्या वडिलांना ओळखतात, त्यामुळे अशी थट्टा करायची त्यांना मुभा आहे असं त्यांना वाटतं. मी हसले. शाळेपासून मला ही थट्टा पाठ आहे. इंग्रजी शाळेत इंग्रजीत गप्प, घरी आमच्या गुजरी बोलीत गप्प, ऑफिसात मराठीत गप्प. गप्प बसण्याचा एक फायदा असतो. कोण कोणाकडे बघून मग बोलतो, हे दिसत राहतं.

त्या मीटिंगमध्येही मला एक गोष्ट दिसली होती. पाळणाघराला पाणी कोण भरणार हे एका पुरुषाने सांगितलं. पण सांगण्याआधी त्याने खाली अंगणात पाहिलं होतं. तिथे बसलेल्या एका वयस्क बाईने मान किंचित हलवली होती. टूलमध्ये मान हलवण्याला जागा नव्हती.

क्लोजर व्हिजिटला मी शेअर जीपने गेले आणि मुक्कामाच्या तयारीने गेले. सकाळी लवकर पाळणाघराकडे चालत आले, तर ते उघडं होतं. आत मुलं होती. भिंतीवरच्या वेळापत्रकाप्रमाणे अजून कुलूप असायला हवं होतं.

पाळणाघर सांभाळणारी रमिला माझ्याच वयाची. बारावी झालेली, नीट मराठी बोलणारी.

“इतक्या लवकर?” मी विचारलं.

“निंदणी सुरू झाली ना ताई. बाया उजाडताच शेतात जातात. मग आपण पण लवकर उघडतो.”

“कोणी ठरवलं?”

ती गोंधळली. “ठरलं.”

“पण कोणी? मीटिंगमध्ये तर असं काही झालं नाही.”

“मीटिंगमध्ये कशाला होईल?” ती म्हणाली, आणि एका मुलाचं नाक पुसायला उठली.

मग मी नीट बघायला लागले. मागच्या भिंतीचा कूड नव्याने सारवलेला होता. चुलीजवळ वाळलेली लाकडं रचलेली. खरूज झालेल्या मुलाची गोधडी वेगळी टांगलेली, आणि ती वेगळी धुवायची हेही कोणीतरी ठरवलेलं. यातलं काहीच आमच्या मीटिंगमध्ये झालं नव्हतं. आमच्या शिडीप्रमाणे हा पाडा सगळ्यात खालच्या पायरीवर होता. जिथे लोकांना फक्त सांगितलं जातं, तिथे न सांगितलेली इतकी कामं कशी काय झाली होती?

कॉलेजात आम्हाला एक विषय होता. सिद्धांतांकडे आणि आपल्या व्यवसायाकडे टीकेच्या नजरेने बघणं. टीका म्हणजे नावं ठेवणं नव्हे, असं सुरुवातीलाच सांगितलं होतं. ही कल्पना कुठे जन्मली, कोणाच्या सोयीची आहे, आणि ती वापरताना आपल्याला काय दिसेनासं होतं, एवढं विचारायचं. परीक्षेत मी त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. खरं तर त्या विषयाचा कामावर असा थेट उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. रमिलाच्या चुलीसमोर बसून मी पहिल्यांदा तो प्रश्न आमच्याच टूलला विचारला. मीटिंगमध्ये बोलणं ही ताकदीची खूण कोणाकडे असते? जिथे मीटिंग हीच ठरवण्याची जागा असते, त्यांच्याकडे.

आमच्या घरी बैठकीत पाहुणे असले की आई बोलत नाही. चहाचा ट्रे ठेवते आणि आत जाते. तरी मी धडगावला नोकरी करायची हे ठरवलं तिनेच. बैठकीत काका आणि वडील बोलले तेव्हा गोष्ट आत स्वयंपाकघरात आधीच ठरली होती, आणि त्या दोघांनाही ते माहीत होतं. आमचं घर या टूलने मोजलं असतं तर आईला शून्य मिळालं असतं.

मी क्लोजर नोट बाजूला ठेवली आणि एकच निर्णय घेतला, वेळ बदलण्याचा, आणि त्याचा माग उलटा काढत गेले. आमच्या क्षेत्रात ही पद्धत आहे. परिणामापासून सुरुवात करायची आणि प्रत्येकाला विचारायचं, तुला हे कोणाकडून कळलं. रमिलाला जात्रीबाईंनी सांगितलं होतं. जात्रीबाई म्हणजे अंगणात मान हलवणाऱ्या त्याच बाई. त्यांना बाजारापुरतं मराठी येतं आणि त्या सगळ्यांना तूच म्हणतात.

“लाहमधी ठरलं,” जात्रीबाई म्हणाल्या.

लाह ही इथली जुनी रीत आहे. आज सगळ्याजणी एकीच्या शेतात निंदायला, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही. जिचं शेत, तिच्याकडे त्या दिवशी सगळ्यांचं जेवण.

“मी बघायला येऊ का?” मी विचारलं.

“बघायला नाही,” त्या म्हणाल्या. “खुरपं घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी मी खुरपं घेऊन ओळीत बसले. मक्याचं शेत होतं, ओळींमध्ये बारीक धान्य पेरलेलं. दिलवरदादा भाषेसाठी बरोबर होते, पण त्यांना बायांनी बांधावरच्या झाडाखाली बसवून ठेवलं. जवळ आले की बोलणं थांबायचं. लांब बसले की परत सुरू व्हायचं. शेवटी रमिलाची मावशी माझ्या शेजारी आली आणि तुटक मराठीत मला अर्थ सांगू लागली.

थोड्याच वेळात ओळीत हशा पिकला. जात्रीबाईंनी माझ्यामागे पडलेल्या गवताच्या ढिगातून काही रोपं उचलून दाखवली.

“हे काय काढलं तू?”

“गवत.”

“गवत ते तू ठेवलं. हे बर्टी आहे. हे आम्ही खातो.”

मग पुढचा बराच वेळ मी त्यांच्या करमणुकीचा विषय होते. शहाद्याची शिकलेली पोरगी, सरकारी धान्य खाऊन वाढली, तिला बर्टी कुठून माहीत असणार, असं काहीतरी. मावशी सगळंच सांगत नव्हती. जे सांगत नव्हती ते हसण्याच्या आवाजावरून कळत होतं.

आणि त्याच ओळीत त्या काम करत करत बोलत होत्या. कोणाच्या बाळाला ताप आहे. रमिला डाळीत मीठ कमी टाकते, तिला सांगायला हवं. कोणाचा मुलगा इतरांना चावतो. त्याच्या आईने आधी हसण्यावर नेलं, मग चिडून उत्तर दिलं, मग दुसरीने तिची बाजू घेतली. ओळ शेताच्या टोकाला पोचेपर्यंत ठरलं होतं की चार दिवस त्या मुलाची आजी पाळणाघरात येऊन बसेल. कोणी ठराव मांडला नाही, हात वर केले नाहीत. टोकाला पोचून सगळ्या वळल्या आणि परतीच्या ओळीत दुसरा विषय निघाला.

जेवताना, उडदाची डाळ आणि मक्याची भाकर, मी जात्रीबाईंना विचारलं की हे सगळं आमच्या मीटिंगमध्ये का नाही बोलत.

“तिथं सासरा बसतो, जेठ बसतो,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यासमोर सून कशी बोलंल? आणि तू येती, कपाळावर आठी घालून त्या डबीत बघत बसती. कोणाशी बोलायचं?”

डबी म्हणजे टॅब.

मी जे पाहिलं आणि ऐकलं ते लिहून काढलं आणि धडगावला आले. पाटील सरांनी वाचलं. चष्मा काढला.

“चांगलं लिहिलंय. पण मी क्लोजर नोट मागितली होती. काय करी ऱ्हायनी तू?” चिडले की सर अहिराणीत जातात.

“सर, टूल चुकीची जागा मोजतंय.”

“टूल सगळ्या जिल्ह्यांत तेच आहे. तू एका पाड्यासाठी वेगळं मोजलंस तर बाकीच्यांशी तुलना कशी करणार? उद्या प्रत्येकजण म्हणेल, आमच्याकडे शेतात ठरतं, आमच्याकडे नदीवर ठरतं.”

हा मुद्दा खरा होता. मोजमापात सगळीकडे एकच पट्टी लागते, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. मी गप्प राहिले. सरांना वाटलं विषय संपला. पण मी विचार करत होते.

“पट्टी एकच ठेवू,” मी म्हणाले. “फक्त कोण बोललं हे नको विचारायला. गेल्या काही महिन्यांत इथे खरंच झालेला एक बदल घ्या आणि तो कोणी, कुठे, कसा ठरवला याचा माग काढा. हा प्रश्न कुठेही विचारता येतो. शेतात ठरतं तिथेही आणि मीटिंगमध्ये ठरतं तिथेही.”

सरांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, “मन्हा डोकाले ताप नको करू. मॅडमसमोर तूच मांड.”

नंदिता मॅडम डोनरच्या मुंबईच्या ऑफिसमधून आल्या. घाटातल्या वळणांनी त्यांना मळमळत होतं, तरी त्या धडगावच्या ऑफिसात थेट रिव्ह्यू मीटिंगला बसल्या. मी आदल्या दिवशी वाक्यं पाठ केली होती. पाठ केलेलं सगळं विसरले, पण शेत डोळ्यासमोर होतं, म्हणून मी शेतच सांगितलं. ओळ, चावणारा मुलगा, त्याची आजी. मॅडम नीट ऐकत होत्या.

“फारच छान,” त्या म्हणाल्या, आणि मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात पुढे म्हणाल्या, “म्हणूनच मला शंका येते. तुम्ही मीटिंगच्या जागी लाह ठेवली. मीटिंगमध्ये पुरुष ठरवतात, लाहमध्ये कोण ठरवतं? जिचं वय जास्त ती? जिचं शेत मोठं ती? तिथे कोण नव्हतं, हे पाहिलंत?”

मी पाहिलं नव्हतं. जो प्रश्न मी टूलला विचारला, तो लाहला विचारलाच नव्हता. लाह मला आवडली होती, म्हणून.

“नाही,” मी म्हणाले. “पण बघून सांगते.”

“मी परवापर्यंत शहाद्याला आहे,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर यादी फायनल होईल.”

मी परत पाड्यावर गेले. या वेळी शेतात नाही, दुपारी आधी शाळेत गेले. पाळणाघर नीट चालत असेल तर मोठ्या बहिणी शाळेत असायला हव्यात. सगळ्या होत्या, एक सोडून. चौथीतली सुनिता. ती शाळेच्या कुंपणाबाहेर उभी होती. कडेवर लहान भाऊ. आत गुरुजी गणित घेत होते आणि ती बाहेरून उत्तरं पुटपुटत होती.

तिच्या आईचं नाव वेस्ती. नवऱ्याने सोडलेली, भावाच्या शेतात एका बाजूला झोपडी करून राहणारी. स्वतःचं शेत नाही. आणि शेत नाही म्हणून ती लाहमध्ये नाही. कारण लाह देवाणघेवाणीवर चालते. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. जिच्याकडे कोणाला बोलावण्यासारखं शेतच नाही, तिला कोण बोलावणार? ती धडगावला बांधकामावर जाते. पहिल्या जीपने निघते आणि अंधार पडायच्या सुमाराला येते. पाळणाघर लवकर उघडायचं ठरलं तेव्हा लवकर बंद करायचंही ठरलं होतं, कारण निंदणी दुपारपर्यंत आटोपते. त्यामुळे वेस्तीचं बाळ दुपारनंतर कोणाकडे, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचं उत्तर सुनिता झाली.

वेस्ती मला संध्याकाळी जीपमधून उतरताना भेटली. अंगावर सिमेंटची धूळ होती.

“कोणाला सांगितलं का, की वेळ जमत नाही?”

“कोणाला सांगू?” ती म्हणाली. “त्या शेतात असतात, मी गाडीत.”

वेस्तीशी झालेलं बोलणं ऐकून दिलवरदादांनी मला वाटेतच गाठलं. या पाळणाघरासाठी त्यांनी जागा मिळवली होती, लोकांना तयार केलं होतं. ते बंद होणं त्यांच्याही जिवावर आलं होतं.

“हे मॅडमना सांगू नका,” ते म्हणाले. “त्या म्हणतील, बघा, इथे पण गरिबाला कोणी विचारत नाही. पाळणाघर जाईल. एका वेस्तीसाठी सगळ्यांचं.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मॅडमना फक्त ‘तपासलं, ठीक आहे’ म्हटलं असतं तर त्या कदाचित पटल्या असत्या. पण मग माझंही टूल आधीच्या टूलसारखंच झालं असतं. जे आपल्याला बघायचं आहे तेवढंच दाखवणारं. आणि सुनिता कुंपणाबाहेरच राहिली असती.

“सांगणार,” मी म्हणाले. “पण आधी बायांना.”

दिलवरदादांनी माझ्याकडे पाहिलं. “मग तुम्हीच जा. मला तर त्या बांधावर पण बसू देणार नाहीत.”

सकाळी मी पुन्हा ओळीत बसले. मला कुठल्याही घोळक्यात बोलायला भीती वाटते, आणि हा घोळका तर खुरपी हातात घेतलेला होता. काही वेळ नुसतं गवत काढलं. या वेळी गवतच. मग मावशीला म्हटलं, सगळ्यांना सांग. सुनिता शाळेबाहेर उभी असते. वेळ बदलली तेव्हा वेस्तीला कोणी विचारलं नाही.

ओळ थांबली. एकजण झटकन काहीतरी बोलली. मावशीने अर्थ सांगितला नाही. मी विचारल्यावर म्हणाली, “ती म्हणते, वेस्ती आमच्या शेतात कधी आली?”

दुसरी म्हणाली की पाळणाघराला लाकडं आम्ही आणतो, भिंत आम्ही सारवली, वेस्तीने काय केलं. हेही खरंच होतं. जात्रीबाई खुरपं टेकवून माझ्याकडे बघत होत्या.

“तुझ्या मीटिंगमधी आम्ही बोललो नाही,” त्या म्हणाल्या. “आणि आता आमच्या लाहमधी तू बोलती.”

कोणी हसलं नाही. माझे कान तापले. जे खरं होतं तेच मी म्हणाले. “तुम्ही मला ओळीत बसवलं म्हणून बोलले. वेस्तीला कोणी बसवलेलं नाही.”

पुढे काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण ओळ पुन्हा चालू लागली आणि बोलणं भराभर पावरीत सुरू झालं. मावशीही त्यात पडली. माझ्यासाठी अर्थ सांगायला कोणी उरलं नाही. दुपारी मी जीप पकडली. त्यांनी काय ठरवलं, काही ठरवलं की नाही, हे मला माहीत नव्हतं. नोटमध्ये मी दोन्ही लिहिलं. इथल्या बाया पाळणाघर स्वतः चालवतात आणि त्यासाठी त्यांची स्वतःची जागा आहे. त्या जागेत शेत नसलेल्या बाईला प्रवेश नाही, आणि त्यामुळे एका मुलीची शाळा सुटली आहे. शेवटी लिहिलं, पाळणाघर सुरू ठेवावं.

शहाद्याला गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात नंदिता मॅडमनी नोट वाचली. पाटील सर शेजारी बसून पाय हलवत होते.

“दुसरा भाग तुम्ही सोडून देऊ शकला असता,” मॅडम म्हणाल्या.

“हो.”

“मग का नाही सोडला?”

“मग पहिला भाग खोटा वाटला असता,” मी म्हणाले. “मलाच.”

त्यांनी पान उलटलं. “मला तर तो पहिल्या वेळेला थोडा वाटलाच होता. फार गोड होता. आता पटतोय.” मग पाटील सरांकडे वळून विचारलं, “माग काढण्याचा हा प्रश्न आणखी काही पाड्यांवर करून बघता येईल? आणि त्याच्यापुढे दुसरा जोडा. हे ठरलं तेव्हा तिथे कोण नव्हतं.”

“करता येईल,” पाटील सर म्हणाले. “पोरगी करेल. बोलत नाही, पण करते.”

फेज-आउटच्या यादीतून पाड्याचं नाव निघालं. मला अभिमान वाटला. हे लिहायला संकोच होतो, पण वाटला. मी कुठलं भाषण केलं नव्हतं आणि कोणाला हरवलंही नव्हतं. ज्या सिद्धांतावर आमचं सगळं खातं चालत होतं त्याला एक साधा प्रश्न विचारला होता, मग तोच प्रश्न स्वतःलाही विचारला होता, आणि दोन्ही उत्तरं कागदावर ठेवली होती. माझ्या मते आमच्या व्यवसायाचं काम एवढंच आहे, आणि ते मी केलं होतं.

पोळ्यानंतर मी पुन्हा त्या पाड्यावर गेले. वेस्तीचं बाळ पाळणाघरात जेवत होतं. दुपारी बाकीची मुलं गेली तरी ते तिथेच होतं, जात्रीबाईंच्या धाकट्या सुनेच्या मांडीवर. वेस्ती येईपर्यंत आळीपाळीने एकजण थांबते, असं रमिलाने सांगितलं. बदल्यात वेस्ती सुट्टीच्या दिवशी पाळणाघराचं अंगण सारवते. सुनिता वर्गात होती. मागच्या रांगेत, पण आत.

“हे कोणी ठरवलं?” मी सवयीने विचारलं.

“ठरलं,” रमिला म्हणाली.

नवे दोन प्रश्न आता आमच्या सगळ्या पाळणाघरांवर विचारले जातात. इतर टीम्सची त्याबद्दल एक तक्रार कायम असते. आधी एका मीटिंगमध्ये काम भागायचं, आता उत्तर मिळवायला अख्खा दिवस जातो आणि तोही उन्हात. तक्रार खरी आहे. लोक कसे ठरवतात हे ते जिथे ठरवतात तिथेच कळतं, आणि तिथे सहसा खुर्ची नसते.